जिनच्या गेटवरचा डबा

माझ्या बायकोने उभ्या जन्मात एक बिडी ओढली नाही. आणि तिच्या छातीचा फोटो समोर लावून डॉक्टर मला रागावत होता.

झालं असं. दिवाळीपासून माझा खोकला हटत नव्हता, म्हणून मुलीने, सुनीताने, आम्हा दोघांना पाचोऱ्याहून धुळ्याला बोलावून घेतलं. ती देवपुरात राहते. लीला, म्हणजे माझी बायको, तीही खोकायची, पण तिच्या खोकल्याकडे कोणी बघत नव्हतं. मी तर नाहीच. सुनीता म्हणाली, आलेच आहात तर आईचाही फोटो काढू. दोन फोटो निघाले. डॉक्टरने त्यातला एक उजेडाच्या पेटीवर लावला, एका पांढऱ्या गोळ्याभोवती पेन फिरवलं आणि माझ्याकडे वळला.

"बाबा, किती वर्षं ओढताय?"

"पंचेचाळीस-पन्नास झाली असतील."

"मग दुसरं काय होणार! बघा काय करून ठेवलंय."

फोटो काढणारा माणूस बाजूला उभा होता. तो हळूच म्हणाला, "सर, तो बाईंचा आहे. बाबांचा हा दुसरा."

डॉक्टरने पेन टेबलावर ठेवलं. लीलाला विचारलं, "तुम्ही ओढता का?"

ती हसलीच. "मी? माय व!"

"मग घरात कोण ओढतं?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, "चुलीना धूर बी ऱ्हास ना, डॉक्टरसाहेब."

आमच्या घरी गॅस येऊन वीस वर्षं झाली होती. गाठ तिच्या छातीत होती आणि ती माझी बाजू घेत होती.

मला काय झालं तेही सांगून टाकतो. माझी फुफ्फुसं सैल पडली आहेत, लोहाराच्या फाटक्या भात्यासारखी. हवा आत जाते, बाहेर यायला मागत नाही. डॉक्टर म्हणाला, जे गेलं ते परत येणार नाही, पण आज बिडी सोडली तर जे आहे ते टिकेल. नाही सोडली तर एक दिवस नळी लावावी लागेल, आणि ती निघेलच असं नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. हे वहीत लिहिलं आणि नातीने, कोमलने, शुद्धलेखन नीट केलं. मी सक्त सांगितलं होतं की शब्द बदलायचे नाहीत. एकदोन शिव्या तिने काढल्या आहेत, त्या मला माहीत आहेत. ज्याच्या खिशात आत्ता बंडल आहे त्याच्यासाठी हे लिहिलं आहे. त्याच्या बायकोनेही वाचावं.

बिडीचं आणि माझं

पाचोऱ्यात मी कापसाच्या जिनमध्ये एकतीस हंगाम काढले. कापूस आत जातो, सरकी वेगळी, रुई वेगळी, मग रुईच्या गाठी बांधतात. जिथे बघाल तिथे कापसाचे डोंगर. एक ठिणगी पडली की सगळं खलास. म्हणून गेटवर पत्र्याचा एक डबा होता. आत शिरताना प्रत्येकाने बिडी-काडी त्यात टाकायची. बापू वॉचमन कोणाला सोडायचा नाही. एकदा त्याने शेठच्या जावयाचं सिगारेटचं पाकीट काढून घेतलं होतं. भोंगा झाला की ज्याचं बंडल त्याला परत मिळायचं. आठ तास आम्ही दीडशे माणसं बिडीशिवाय राहायचो आणि कोणी मेलं नाही.

घरी आलो की चालू. आमची खोली एक, पत्र्याची. थंडीत दार लावून घ्यायचो. लीला माझ्या बाजूला झोपायची. मी उशाशी भिंतीला टेकून ओढायचो, आणि ती कुशीवर वळून पदर नाकाला लावायची. मला वाटायचं तिला थंडी वाजते.

ॲप

कोमल देवपुरातल्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. शेवटच्या वर्षाला काहीतरी बनवून दाखवावं लागतं. तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी मोबाइलचं ॲप बनवायला घेतलं होतं, सिगारेट सोडवायचं. आमचे फोटो निघाले त्याच आठवड्यात तिने ते माझ्या फोनवर टाकलं. म्हणाली, "आबा, तुम्ही आमचे पहिले युजर."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुमच्यावर तपासून बघणार."

"उंदरासारखं?"

"हो," ती म्हणाली. खोटं बोलत नाही ती, माझ्यावर गेली आहे.

पहिलाच प्रश्न, तुम्ही सिगारेट का ओढता? खाली उत्तरं तयार. ताण. मित्रांचा आग्रह. स्टाइल. मी म्हणालो, "स्टाइल? मी पोती उचलत होतो! आणि यात बिडी कुठे आहे? मी सिगारेट ओढत नाही, माझं उत्तर शून्य लिही आणि मला पास कर." लीला पलंगावर पडून हसत होती. हसून हसून तिला ढास लागली, मग कोणीच हसलं नाही.

त्यात एक झाड होतं. जितके दिवस बिडी नाही तितकं ते वाढणार. रोज संध्याकाळी फोन विचारायचा, आज ओढली का? मला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून कोमलने तो बोलता करून दिला. आवाज तिचाच, खुशीत असल्यासारखा. "काय मित्रा, आज ओढली का?" मी चिडलो, तुझ्या आजोबाला मित्रा म्हणतेस? ती म्हणाली, ते सगळ्यांसाठी आहे. हो किंवा नाही हे बटण लीला दाबायची. ती सातवी शिकलेली होती, हा आमच्यातला जुना भांडणाचा विषय.

तलफ आली की फोन उपाय सांगायचा. लांब फेरफटका मारा. मला संडासापर्यंत जाताना दम लागत होता. आवडत्या छंदात मन रमवा. कोणता छंद? मला छंद एकच होता, तोच सोडवायला बसले होते!

पण सोडली मी. फोनमुळे नाही. एका दुपारी लीलाच्या गाठीचं सलाईनमधलं औषध घेऊन आम्ही धुळ्याहून पाचोऱ्याला परत आलो, लीलाला उलट्या होत होत्या, आणि मी ओसरीवर बंडल काढलं. ती आतून म्हणाली, "सोडी दे आते. पोर नापास व्हई जाई."

स्वतःसाठी तिने कधी मागितलं नाही. लग्नाच्या इतक्या वर्षांत एकदाही नाही. मागितलं ते नातीच्या परीक्षेसाठी. मी बंडल नालीत टाकलं.

पहिले आठ दिवस फार वाईट गेले, ते लपवत नाही. ताट भिरकावलं. सुनीताच्या नवऱ्याला फोनवर नको ते बोललो. लीला स्वतः अर्धमेली, पण मला बडीशेप भाजून द्यायची, खिशात पुडी बांधून. त्रेचाळीस दिवस झाले. झाडाला फळं आली. ती फोन उशाशी घेऊन बघायची. "देख, कैऱ्या लागनात," म्हणायची.

चव्वेचाळिसाव्या दिवशी, सकाळी, चहाचा कप हातात घेऊन ती गेली. कप मी धरला म्हणून सांडला नाही. एवढंच माझ्याकडून झालं.

दारावरची थाळी

आमच्याकडे माणूस गेलं की लोक तेरा दिवस दारावर बसायला येतात. सतरंजी टाकायची, पाण्याचा हंडा, आणि मधे एक थाळी. थाळीत बिडी, माचीस, तंबाखू, चुना, सुपारी. आला त्याच्यापुढे थाळी सरकवायची. बोलायला काही नसतं, म्हणून माणसं ओढतात. पहिली बिडी घरधन्याने पेटवायची आणि तीच काडी पुढे द्यायची, ही आमच्या गल्लीची रीत. त्याने नाही पेटवली तर बाकीचे कसे घेणार? त्याने उठून आत जायचं नाही. कोणी आलं की बसलेलं असलं पाहिजे.

पहिले दोन दिवस मी थाळी नुसती सरकवली. तिसऱ्या दिवशी लीलाचा मोठा भाऊ नामदेवभाऊ कासोद्याकडून आला. गळ्यात पडून रडला. मग बसला, थाळीतून बिडी काढली, तिचं मागचं टोक दाताने दाबलं आणि माझ्या बोटात दिली.

"एक वढ, आबा. जीव हलका व्हई."

"सोडेल शे मी."

"कोनासाठे सोडी? ती तर गई."

तीस-पस्तीस माणसं बसली होती. सगळी माझ्याकडे बघत होती. खिशातला फोन थरथरला आणि हळूच बोलला, "तुमच्या आसपास कोणी ओढतंय का? ती जागा सोडा." काय सांगू तुम्हाला! जागा सोडा. बायकोच्या सुतकात, स्वतःच्या दारातून उठून मी कुठे जाऊ?

मी ओढली. एक नाही, संध्याकाळपर्यंत सात.

दिवे लागायला फोन पुन्हा बोलला, आज ओढली का? बटण दाबायला लीला नव्हती. मी खोटं बोलणारा माणूस नाही. चष्मा लावला आणि हो दाबलं.

मग सगळ्या दारावर ऐकू गेलं. कोमलचा तोच खुशीतला आवाज. "अरेरे मित्रा! तुझं झाड सुकलं! सगळी मेहनत वाया गेली. हरलास! पण काळजी नको, पुन्हा शून्यापासून सुरू करू या!" आणि वर टाळ्यांचं संगीत.

कोमल आत बायकांत बसली होती. तिने तिचाच आवाज ऐकला. ती दारात आली, तोंड पांढरं पडलं होतं. मी फोन उचलला आणि नालीत फेकला, जिथे बंडल टाकलं होतं तिथेच. एक शब्द बोललो नाही. बोललो असतो तर बरं झालं असतं, कारण पुढे दीड महिना आजोबा-नात एकमेकांशी बोलले नाहीत.

वार्ड

त्या दीड महिन्यात दिवसाला दोन बंडलं व्हायला लागली. एका सकाळी दात घासताना श्वास आत गेला तो बाहेर येईना. शेजाऱ्यांनी गाडीत घालून धुळ्याला नेलं.

वार्डातलं जगणं सांगतो, म्हणजे तुम्हाला ओळखीचं वाटेल. पहाटे फरशी पुसायचा वास. मग वाफेचं मशीन, तोंडाला मास्क, दहा मिनिटं घुर्र. मग डॉक्टरांची फेरी, ते पाय दाबून बघतात आणि पुढे जातात. दहाला मुगाची खिचडी. भेटायला आलेले लोक पेशंटच्या डोक्यावरून एकमेकांशी लग्नाच्या गोष्टी करतात. नाकात नळी असली की माणूस बहिरा आहे असं सगळ्यांना वाटतं. "आबा टिकतस का नही?" असं माझ्याच पलंगावर बसून माझ्याच चुलतभावाने विचारलं. मी म्हणालो, "टिकस. पाय काढ मना चादरवरून."

शेजारच्या पलंगावर शिरपूरकडचा एक गडी होता. तो नळी काढून संडासात जायचा आणि खिडकीशी उभा राहून ओढायचा. चौथ्या दिवशी मी त्याच्यासोबत गेलो. हो, गेलो. दोन झुरके मारले आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसलो. शांतामावशी म्हणून वार्डातली आया होती, जाड चष्म्याची, तिने काखेत हात घालून मला उभं केलं.

"अहो आबा, बाजूच्या खोलीत ऑक्सिजन चालू आहे. अख्खा वार्ड पेटवता का?"

पलंगावर टाकलं, गड्याच्या खिशातून बंडल काढलं, आणि दारापाशी तिच्या स्टुलाखाली एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, त्यात टाकून झाकण लावलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांचा तंबाखू-गुटखा ती त्यातच जमा करायची. मग मला अर्धा कप चहा आणून दिला, स्वतःच्या थर्मासमधला. रागावली नाही. म्हणाली, "डिस्चार्ज झाला की घेऊन जा. तोपर्यंत माझ्याकडे."

त्या डब्याकडे बघत मी किती वेळ पडून होतो सांगता येत नाही. त्या दिवशी पुन्हा तलफ आली नाही. बिडी दहा पावलांवर होती, तरी आली नाही. आणि मग मला बापू वॉचमन आठवला, आणि असा संताप आला स्वतःचा की नाकातली नळी उपटून टाकावी वाटली. शेठच्या कापसाला ठिणगी लागू नये म्हणून एकतीस वर्षं मी रोज आठ तास बिडी गेटवर ठेवली. कुरकुर केली नाही. आणि माझ्या घराच्या दाराला असा डबा लावावा हे मला कधी सुचलं नाही. आत लीला झोपलेली असायची. तिची किंमत मी कापसाच्या एका गाठीएवढीही केली नाही.

कोमल

दुसऱ्या दिवशी कोमल आली. लॅपटॉप घेऊन माझ्या पायाशी बसली. मीच विचारलं, "झाली का पास?"

"प्रोजेक्ट अजून दिलं नाही. ते झाड काढून टाकलंय."

"का?"

"आबा, आजीच्या..." एवढं बोलून ती रडायला लागली. "तेरा दिवस मला ते बंद ठेवता आलं असतं. मी विसरले."

तिथे मला सगळा राग काढायचा होता, दीड महिन्याचा. काढलाही. म्हणालो, "तुझं ॲप माणसाला हरलास म्हणतं. बायको गेलेल्याला टाळ्या वाजवतं. त्याला बिडी माहीत नाही, दार माहीत नाही, थाळी माहीत नाही. कोणी बनवलं हे? तू कधी दारावर बसलेली नाहीस का?" शांतामावशी दोनदा ओरडली, आबा हळू. पण पोरगी रडत रडत लिहून घेत होती. एक एक वाक्य. माझ्या शिव्यासुद्धा.

मग मी तिला डब्याचं सांगितलं. जिनचा डबा, मावशीचा डबा. म्हणालो, "किती दिवस सोडली हे विचारू नको. दाराच्या आत आहेस की बाहेर, एवढंच विचार. आत असताना बिडी बाहेर. माणसाने पहिल्यांदा घर राखावं. मग आतला वेळ वाढवत न्यावा."

दोन दिवसांनी ती तोंड पाडून आली. "सर म्हणतात, असं केलं तर बाहेर ओढायला परवानगी दिल्यासारखं होतं."

"तुझ्या सरांना विचार, त्यांनी काय सोडलंय आजपर्यंत?"

"आबा!"

"विचार तर. आणि डॉक्टरांनाही विचार, मी म्हणतो म्हणून घेऊ नको."

डॉक्टर फेरीला आले तेव्हा तिने खरंच विचारलं. ते म्हणाले, पूर्ण सोडणं हेच औषध, बाहेर ओढली तरी छातीला इजा आहेच, हे ॲपमध्ये मोठ्या अक्षरात लिही. पण पहिली पायरी म्हणून घराचं दार चांगलं आहे. मग लिहिलं तिने. बिडीही लिहिली. आणि एक नवीन बटण केलं, घरात दुःख आहे. ते दाबलं की तेरा दिवस फोन हिशेब विचारत नाही. रोज संध्याकाळी फक्त म्हणतो, "आम्ही इथे आहोत. थाळी नको म्हटलं तरी चालतं." मित्रा काढलं, आबा-नाना-अक्का घातलं. सुनीताने मला नवा फोन घेऊन दिला, त्यावर तिने ते टाकलं. आवाज कोमलचाच आहे, पण आता ती हसत नाही त्यात.

ती पास झाली. लीलाचं मागणं पुरं झालं. मग मी कशासाठी सोडायची? हा प्रश्न घरी आल्यावर रोज दुपारी यायचा. अजून येतो. उत्तर नाही मिळालं. मी फक्त दाराला डबा ठोकला. पत्र्याचा, तेलाचा, वर झाकण. पहिल्यांदा दिवसातून चार वेळा बाहेर जायचो. मग दोन. मग एका दिवशी उन्हाचा कंटाळा आला आणि गेलोच नाही.

वर्षश्राद्ध

लीलाचं वर्षश्राद्ध वैशाखात आलं. सतरंजी टाकली, हंडा भरला, थाळी ठेवली. थाळीत भाजलेली बडीशेप, सुपारी आणि गूळ-शेंगदाणे. लोक बघायचे, आणि चिमूटभर बडीशेप घेऊन बसायचे.

नामदेवभाऊ आला. उंबऱ्याशी थबकला. "हाऊ डबा कसाना शे?"

"बिडी-काडी त्यात ठेव आणि आत ये."

"मी काय जिनमा कामले वनू का?" तो मोठ्याने म्हणाला. दोघं-तिघं हसले. "बहीणना घरले वनू मी. झडती लेस का?"

"जिनमध्ये शेठच्या कापसासाठी ठेवत होतो, भाऊ. आत तुझ्या बहिणीचा फोटो आहे."

त्याचं तोंड लाल झालं. तो मागे फिरला, समोरच्या बाभळीखाली जाऊन बसला आणि एकामागून एक दोन ओढल्या. मला वाटलं गेला आता, वर्षानुवर्षांचं नातं तुटलं. सुनीता मला आतून खुणावत होती, जा, बोलवा. मी गेलो नाही. दम लागून मला उठता येत नव्हतं, आणि उठता आलं असतं तरी गेलो नसतो.

तो आला. डब्याचं झाकण उघडलं, बंडल टाकलं, माचीस टाकली, आणि आत येऊन लीलाच्या फोटोपुढे बसला. जाताना म्हणाला, "ती मालेबी सांगे, भाऊ तू बाहेर वढ. मी हासू तिले."

तिने मला ते कधी सांगितलं नव्हतं. मला कधीच नाही.

सगळे गेल्यावर दिवे लागायच्या वेळी मी दार लावायला उठलो. नामदेवभाऊ बंडल विसरला होता, की ठेवून गेला, कोण जाणे. मी झाकण उघडलं. वास आला. तो वास पन्नास वर्षांचा आहे, लग्नाच्या आधीपासूनचा. हात आत गेला, बंडलाला लागला, हे लिहिताना लाज वाटते पण खरं आहे. खिशातला फोन बोलला, "आबा, आत की बाहेर?"

मी झाकण लावलं. उंबरा ओलांडून आत आलो, कडी घातली, चष्मा लावला आणि आत दाबलं.

डबा अजून दारावर आहे. नामदेवभाऊ त्याचं बंडल मागायला आलेला नाही, आणि मी झाकण उघडलेलं नाही.